क्रमांक चौथा आला, पण चुंबके कोणाच्या हाती?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जगाची सत्ता पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते आहे आणि त्यात भारताची जागा कोणती, या विषयावर आपल्या दैनिकात बरेच लिहून येत आहे. ते लेख आणि त्यांवरची वाचकांची पत्रे मी आवर्जून वाचतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २०२५ मध्ये जे अंदाज मांडले, त्यांत भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन ४.१८७ लाख कोटी डॉलर आणि जपानचे ४.१८६ लाख कोटी डॉलर असे आकडे होते, आणि त्या केसभर फरकावर आपण जगात चौथ्या क्रमांकावर आल्याचे जाहीर झाले. त्या बातमीचा आनंद मलाही झाला. पण महासत्ता कोण, हे अशा क्रमवारीवरून ठरवण्याची जी सवय आपल्या सार्वजनिक चर्चेला लागली आहे, ती मला काळजीत टाकते. २०२५ च्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या महिन्यांनी सत्ता म्हणजे काय असते, हे मला माझ्याच कारखान्यात दाखवले. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी आपण छापावे, अशी विनंती आहे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझा छोटा कारखाना आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांच्या मोटरी आम्ही जुळवतो. दुचाकीच्या मागच्या चाकात जी मोटर बसते, तिला एक लोखंडी रिंग असते आणि त्या रिंगेच्या आतल्या बाजूला, उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकाआड एक येतील अशा बेताने, शेहेचाळीस चुंबके चिकटवावी लागतात. हे चुंबक म्हणजे निकेलचा चकचकीत मुलामा दिलेली, बोटाच्या पेराएवढी पट्टी. दोन पट्ट्या हातात जवळ आणल्या तर त्या झटक्याने एकमेकींवर आपटतात आणि मध्ये बोट सापडले तर कातडी फाटते. त्यामुळे आमच्याकडच्या बायका लाकडी पट्टीचा आधार देऊन त्या एकेक करून सरकवत बसवतात. जून महिन्यात या पट्ट्या संपल्या. रिंगा तयार होत्या, तांब्याची तार गुंडाळून स्टेटर (मोटरीचे न फिरणारे भाग) तयार होते, कामगार हजर होते, ऑर्डर हातात होती, आणि पट्ट्या नव्हत्या. पुरवठादाराला मी सगळी रक्कम आगाऊ द्यायला तयार झालो, तेव्हा तो म्हणाला की पैशाने सुटणारा हा प्रश्नच नाही. पुढचे काही महिने त्या रिंगा फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी त्यांच्यावरून नजर फिरवून मी आत जात असे.

याचे कारण हजारो किलोमीटर दूर होते. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने जगभरच्या मालावर नवे आयातशुल्क जाहीर केले आणि ४ एप्रिलला चीनने प्रत्युत्तर म्हणून सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या (इंग्रजीत ज्यांना ‘रेअर अर्थ्स’ म्हणतात त्या धातूंच्या), तसेच ती वापरून केलेल्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. कागदावर ती बंदी नव्हती. हा माल शेवटी कशासाठी वापरला जाणार याचे हमीपत्र, त्यावर आपल्याकडच्या सरकारी खात्यांची मान्यता, मग चिनी दूतावासाची मोहोर आणि अखेर बीजिंगच्या वाणिज्य मंत्रालयाचा निर्णय, अशी ती वाट होती, आणि त्या वाटेवर भारतीय कंपन्यांचे अर्ज महिनोन्महिने पडून राहिले. विशेष म्हणजे, त्या सात मूलद्रव्यांत चुंबकातले मुख्य दुर्मीळ मूलद्रव्य असलेले निओडिमियम नव्हतेच. त्यांत होती डिस्प्रोशियम आणि टर्बियम, जी चुंबकात भाजीतल्या मिठाइतकीच पडतात. मात्र मोटर तापली की चुंबकाची ताकद उतरते आणि ती उतरू नये म्हणून हेच मीठ लागते. नेमकी कोणती कळ दाबली की कोणाचे काम थांबते, हे नियम लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पुण्याच्या दुचाकी उद्योगाने उत्पादन बंद पडण्याची भीती उघडपणे बोलून दाखवली, तर अमेरिकेत फोर्ड कंपनीला मे महिन्यात शिकागोचा कारखाना आठवडाभर बंद ठेवावा लागला. मग माझ्यासारख्याची काय कथा!

त्याच दिवसांत पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग असलेल्या माझ्या मेहुण्याचा फोन आला. “दाजी, शून्य बावन्न चौतीस कुठंच मिळत नाही. तुमच्या ओळखीत कुणी दुकानदार आहे का?” खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात जी सूक्ष्म घडनिर्मिती होते, त्या काळात बागायतदार हे विद्राव्य खत देतात, घड तेव्हा धरला नाही तर ऑक्टोबर छाटणीनंतर कितीही खर्च केला तरी तो दिसत नाही. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस लागल्याने बागांना ऊन मिळत नव्हते, त्यामुळे खताची निकड आणखी वाढली होती. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या अशा विशेष खतांपैकी सुमारे ८० टक्के चीनमधून येतात, आणि भारताकडे निघालेल्या मालाची तपासणीच तिकडे थांबली होती. चाकातली मोटर आणि वेलीवरचा घड एकाच दोरीला बांधलेले आहेत, असे मला त्यापूर्वी कोणी सांगितले असते तर मी मानले नसते. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा ज्या वस्तूंसाठी आपण त्यांच्याकडे शब्द टाकला त्या होत्या खते, दुर्मीळ मृदा आणि बोगदे खणणारी यंत्रे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यासाठी लागणारी, जर्मन कंपनीची पण चीनमध्ये बनलेली यंत्रेही तिकडे अडकली होती. जगातील चौथी अर्थव्यवस्था आपल्याच राजधानीत पाहुण्या मंत्र्यापुढे ही यादी ठेवत होती, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले.

एखादा देश एकूण किती उत्पादन करतो यापेक्षा, त्याने एखादी वस्तू द्यायचे थांबवले तर दुसऱ्या किती जणांची चाके थांबतात, यावर आजची सत्ता मोजली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा २०२५ च्या ऑगस्टइतका स्वच्छ क्वचितच मिळेल. रशियाचे तेल भारत घेत होता तसा चीनही घेत होता, किंबहुना आपल्यापेक्षा अधिकच घेत होता. तरीही २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि त्यातला निम्मा भाग रशियन तेलाची शिक्षा म्हणून होता. सोलापूरच्या टॉवेलपासून आंध्रच्या कोळंबीपर्यंत अनेकांना त्याची झळ बसली. चीनवर एप्रिलमध्ये १४५ टक्क्यांपर्यंत चढवलेले शुल्क मात्र मे महिन्यातल्या जिनिव्हाच्या बैठकीनंतर ३० टक्क्यांवर आले आणि ऑगस्टमध्ये त्या तहाला मुदतवाढ मिळाली. ऑक्टोबरमध्ये चीनने आणखी पाच मूलद्रव्ये यादीत घालून फास आवळला, तेव्हा महिनाअखेरीस दक्षिण कोरियातील बुसान येथे दोन्ही देशांचे अध्यक्ष समोरासमोर बसले आणि ते नवे निर्बंध वर्षभरासाठी स्थगित झाले. अमेरिका बलाढ्य आहे यात शंका नाही; परंतु जिच्या लढाऊ विमानांना आणि क्षेपणास्त्रांना ही चुंबके लागतात, ती अमेरिकाही त्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या परवान्याची वाट पाहत होती. आपल्याकडे वाटाघाटीत पुढे करण्यासारखी मोठी बाजारपेठ होती, पण बाजारपेठ म्हणजे अखेर गिऱ्हाईकपणच. भरपूर माल असतो तेव्हा गिऱ्हाईकाला मान असतो. टंचाईत दुकानदार सांगेल ती पूर्व दिशा.

चीनच्या हाती हे कसे आले, असे विचारले की ‘त्यांच्या जमिनीतच ते आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे अर्धेच खरे आहे. अंतर्गत मंगोलियात बायान ओबो येथे त्यांची प्रचंड खाण आहे. परंतु १९६० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत जगाला या धातूंचा मुख्य पुरवठा कॅलिफोर्नियातील माउंटन पास खाणीतून होत असे. आमच्या रिंगेत बसते ते निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबकही चीनचा शोध नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी ते परस्परांपासून स्वतंत्रपणे, जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केले. जनरल मोटर्सने त्यासाठी इंडियाना राज्यात मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी उभी केली आणि १९९५ मध्ये ती विकून टाकली. विकत घेणाऱ्या गटात चिनी सरकारी कंपन्या होत्या आणि अमेरिकी सरकारने त्या व्यवहाराला संमती दिली होती. दहा वर्षे होत आली तोवर तिथले काम आणि यंत्रे चीनमध्ये पोहोचली. माउंटन पास खाण २००२ मध्ये बंद पडली, कारण सांडपाण्याच्या गळतीवरून तिच्यामागे चौकश्या लागल्या होत्या आणि चिनी भावापुढे तिचा टिकाव लागत नव्हता. स्वस्तात मिळते आहे तर आपण कशाला करायचे, हा हिशेब प्रत्येक वर्षापुरता बरोबरच होता. एका पिढीचा मात्र चुकला.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक रसायनशास्त्रज्ञ. शू ग्वांगश्यान यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि ते मायदेशी परतले. १९७० च्या दशकात बीजिंगच्या पीकिंग विद्यापीठात त्यांच्याकडे प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम एकमेकांपासून वेगळे करण्याचे काम आले. दुर्मीळ मृदांचे कुटुंब जुळ्या भावंडांसारखे असते. त्यांचे रासायनिक वागणे इतके सारखे की एका फटक्यात ती वेगळी होत नाहीत. आम्लात विरघळवलेला कच्चा माल, रॉकेलसारख्या तेलात मिसळलेल्या सेंद्रिय द्रावकाबरोबर घुसळायचा, दोन थर वेगळे होऊ द्यायचे, आणि हेच एकापुढे एक मांडलेल्या शेकडो टाक्यांतून करत राहायचे, तेव्हा प्रत्येक टाकीत तीळ तीळ फरक पडत शेवटच्या टाकीत शुद्ध माल हाती येतो. ताक घुसळून लोणी काढण्यासारखे हे काम दिसते, पण कितव्या टाकीत किती आम्ल आणि किती द्रावक, हे चुकले तर सगळी रांग वाया जाते. त्याचे गणित शू यांनी बसवले, ते कारखान्यात उतरवले आणि देशातल्या कारखान्यांमधील माणसांना शिकवले. पुढे त्यांना चीनचा सर्वोच्च विज्ञान पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये ते वारले. आज खाणीतून निघणाऱ्या मालात चीनचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास आहे, पण शुद्धीकरणात आणि चुंबकांत तो सुमारे ९० टक्के आहे. म्हणजे खाण कोणाचीही असो, माल अखेर त्यांच्या टाक्यांतून जातो.

आता आपली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला खरी हळहळ वाटते. दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत, थोरियम आणि दुर्मीळ मृदा पोटात असलेले मोनाझाइट हे खनिज आहे, हे शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ओळखले. त्यातले थोरियम तेव्हा गॅसबत्तीच्या जाळीला लागत असे. वरातीतली पेट्रोमॅक्सची बत्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती पांढरी, हात लावताच चुरा होणारी जाळी आठवेल. स्वातंत्र्यानंतर, होमी भाभा अणुकार्यक्रमाचा पाया घालत होते त्याच काळात, १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये केरळात अलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. शू ग्वांगश्यान त्या वेळी नुकतेच बीजिंगला पोहोचले होते. या कंपनीचे मुख्यालय आपल्या मुंबईत, प्रभादेवीला आहे. शर्यतीच्या रेषेवर आपण चीनच्या आधी उभे होतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

परंतु त्या कामात मुख्य लक्ष अणुऊर्जेसाठी लागणाऱ्या थोरियमवर राहिले आणि दुर्मीळ मृदा ही बाजूला निघणारी वस्तू ठरली. चिनी माल स्वस्त झाल्यावर या शतकाच्या सुरुवातीला अलुव्यातील ते काम थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, पण गेलेली वर्षे परत आली नाहीत. शिवाय शुद्ध केलेल्या ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि मिश्रधातूपासून चुंबक करणारा उद्योग आपल्या देशात व्यापारी प्रमाणावर उभाच राहिला नाही. आपला माल जपानला जात राहिला आणि आपल्याला लागणारी चुंबके चीनमधून येत राहिली. विशाखापट्टणम येथे २०२३ मध्ये देशाला अर्पण केलेला चुंबकांचा कारखाना भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर उभा आहे, याचा मला अभिमान आहे. मात्र त्याची क्षमता वर्षाला तीन हजार किलोची आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या आकड्यांनुसार दुर्मीळ मृदांच्या ६९ लाख टन साठ्यासह आपण जगात तिसरे आहोत, आणि या तिसऱ्या क्रमांकावरही छाती फुगवणारे लेख मी वाचले आहेत. त्यांत हे लिहिलेले नसते, की आपल्या वाळूत डिस्प्रोशियम फारच थोडे आहे. डिस्प्रोशियम, टर्बियम यांसारख्या जड दुर्मीळ मृदा मुख्यतः दक्षिण चीनच्या आणि म्यानमारच्या काचिन प्रांताच्या मातीतून निघतात, त्यामुळे नुसती वाळू उपसून आमच्या मोटरीचा प्रश्न सुटणारा नाही.

आपल्याकडे लोकशाही आहे म्हणून आपण मागे पडलो, असे एका वाचकाने याच सदरात लिहिले होते. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार १९९० मध्ये दरडोई उत्पन्नात भारत चीनच्या किंचित पुढे होता आणि आज चीन आपल्या साधारण पाचपट आहे, हे पाहिले की असा विचार मनात येतो, हे मी समजू शकतो. तरी तो मला मान्य नाही. जपानही लोकशाहीच आहे. सप्टेंबर २०१० मध्ये, जपान आणि चीन दोघेही ज्यांवर हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांजवळ एका चिनी मासेमारी नौकेच्या कप्तानाला जपानने अटक केली आणि लगेच जपानकडे जाणारा दुर्मीळ मृदांचा पुरवठा अडला. जपानने कप्तानाला सोडून दिले, पण पुढे तो स्वस्थ बसला नाही. २०११ मध्ये सोजित्झ ही व्यापारी कंपनी आणि एक सरकारी संस्था यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस या दुर्मीळ मृदांच्या खाणकंपनीला २५ कोटी डॉलरचे पाठबळ दिले आणि तिच्या पडत्या वर्षांतही तिची साथ सोडली नाही. होंडा आणि दाइदो स्टील यांनी २०१६ मध्ये जड दुर्मीळ मृदा न वापरता गाडीच्या मोटरीचे चुंबक तयार केले. जपानचे चीनवरचे अवलंबित्व ९० टक्क्यांच्या आसपास होते, ते साठीच्या घरात आले. त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. या कामाची गतीच एवढी असते, आणि ती निवडणुकीच्या पाच वर्षांत मावत नाही, म्हणूनच सरकारे बदलली तरी धोरण टिकवण्याची जबाबदारी लोकशाहीत वृत्तपत्रांवर आणि वाचकांवरही येते.

आपण स्वतः एकदा असे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव आणि सुकडीसाठी हातात ताटल्या घेऊन उभी राहिलेली आमची रांग मला अजून आठवते. त्याआधी १९६५-६६ मध्ये तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन भारताला जाणारा गहू जाणीवपूर्वक थोडा थोडा, दोर आखडता धरून सोडत होते, कारण व्हिएतनामबाबतची आपली भूमिका त्यांना पसंत नव्हती आणि आपल्या शेतीधोरणावरही त्यांना दबाव ठेवायचा होता. त्या अपमानाच्या वर्षांतच तेव्हाचे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी संसदेतला विरोध सोसून मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणवले, कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेतापर्यंत नेले, हमीभावासाठी आयोग आणि खरेदीसाठी अन्न महामंडळ उभे राहिले. कोणत्याही जागतिक क्रमवारीत त्या वर्षी भारत वर सरकला नाही. तरीही गव्हाचा दोर पुन्हा कोणाच्या हाती द्यावा लागला नाही, आणि माझ्या मते स्वतंत्र भारताची सत्ता सर्वांत जास्त वाढली ती त्या दहा वर्षांत.

चुंबकांच्या बाबतीत आज तशी सुरुवात झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून वर्षाला सहा हजार टन चुंबकांची क्षमता देशात उभारण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. योजना चांगली आहे, पण माझ्यासारख्याला एक भीती वाटते. कारखाने उभे राहतील, चुंबके तयार होऊ लागतील, आणि त्याच वेळी चीन भाव निम्म्यावर आणील. तेव्हा आमच्यासारखेच उद्योजक, पोटासाठी, पुन्हा स्वस्त पट्टी घेतील. मी स्वतः तसे करणार नाही, असे छातीठोकपणे सांगण्याची माझी आर्थिक स्थिती नाही. अमेरिकेला हे कळले आहे: जुलै २०२५ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने माउंटन पास चालवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला आणि निओडिमियम-प्रेसिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. गव्हाला जो हमीभाव आपण दिला, त्याच जातीची ही गोष्ट आहे. आपल्या योजनेतही भाव पडतील त्या वर्षांची तजवीज हवी, आणि ती मोठ्या कंपन्यांपुरती न राहता महिन्याला दोन-तीनशे किलो माल घेणाऱ्या लघुउद्योजकापर्यंत पोहोचायला हवी.

माणसांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या दोन्ही महाराष्ट्रात आहेत. टाक्यांच्या त्या लांब रांगेचे गणित बसवू शकणारी मुले आपल्याकडे निश्चित आहेत, पण शिकून झाल्यावर त्यांना त्या कामाची नोकरी देणारा कारखाना जवळपास नसेल तर ती संगणकाच्या कंपनीत जातील, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. भंगारात जाणारे जुने हार्ड डिस्क, वातानुकूलन यंत्रे आणि मोटरी यांतून चुंबके परत मिळवण्याचे कामही असेच दुर्लक्षित आहे. त्यात खाण नाही, वाळूचा उपसा नाही, आणि आपल्या वाळूत जे जवळजवळ नाही ते डिस्प्रोशियमही त्यात असते. नाशिकच्या भंगारबाजारात हा माल किलोच्या भावाने लोखंडात जातो, हे मी डोळ्यांनी पाहतो.

खाणीची किंमतही आपण डोळ्यांआड करू नये. बायान ओबोचा माल ज्या बाओतौ शहरात शुद्ध होतो, तिथे कारखान्यांच्या गाळाचा विषारी तलाव वर्षानुवर्षे साचला आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची जमीन व पाणी नासले. आपल्याकडे कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड येथील ग्रामस्थांनी वाळूच्या उपशाविरुद्ध दीर्घ आंदोलन केले, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत गावाची जमीन समुद्रात जात होती. चीनने ती किंमत गरिबांकडून वसूल करून माल स्वस्त केला, हे विसरून त्याचे अनुकरण करायचे म्हटले तर किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याचे बळी ठरतील. किमान भावात हा खर्चही धरला पाहिजे.

ब्रिक्सच्या बैठका, सुरक्षा परिषदेतील कायम जागा, डॉलरला पर्याय, हे विषय महत्त्वाचे नाहीत असे मी म्हणत नाही. परंतु ब्रिक्सचा सदस्य असलेल्या चीननेच ब्रिक्सचा सदस्य असलेल्या भारताची खते आणि चुंबके अडवली, एवढे लक्षात ठेवले तर त्या बैठकांच्या छायाचित्रांकडे आपण जरा सावधपणे पाहू.

आपल्याला माझी विनंती अशी की, यापुढे अर्थव्यवस्थेच्या क्रमवारीची बातमी छापताना तिच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी: त्या वर्षी देशात किती टन चुंबके प्रत्यक्ष तयार झाली, किती विद्राव्य खत देशात बनले आणि त्यांतला किती कच्चा माल बाहेरून आला. ७,२८० कोटींच्या योजनेतील कारखाने कोठे उभे राहत आहेत आणि पहिली पट्टी केव्हा बाहेर पडते, याचा पाठपुरावा आपल्या वार्ताहरांनी दर सहा महिन्यांनी करावा. आमच्याकडे २०२५ च्या दिवाळीनंतर माल पुन्हा येऊ लागला आहे, पूर्वीपेक्षा महाग आणि थोडा थोडा. त्यासाठी केलेल्या अर्जांची, हमीपत्रांची आणि त्यांवरच्या मोहोरांची एक जाड फाइल माझ्या टेबलावर आहे. आपल्या वार्ताहरांना ती पाहायची असल्यास कामाच्या कोणत्याही दिवशी त्यांनी अंबडला यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक,
अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक